पीसी जोडला, पंखे फिरले. मग विंडोज का बसत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स बंद केली. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना सुरक्षेपुरती अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, पण ती नुसती मुदतवाढ. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे घरातला जुना डबा चालू असूनही बाद ठरला. मग घरोघरी एकच विचार निघाला: नवीन घ्यायचाच आहे तर आपणच जोडू. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून, तपकीर गल्लीतून नाहीतर ऑनलाइन आणायचे आणि व्हिडिओ बघत बघत जोडायचा.

जोडण्याचे व्हिडिओ छान असतात. प्रोसेसर कसा ठेवायचा, पेस्ट किती लावायची, वायरी मागून कशा न्यायच्या, सगळं सविस्तर. मग रंगीत दिवे लागतात आणि शेवटी एक वाक्य येतं: ‘आता यात विंडोज टाकून घ्या.’ खरी डोकेदुखी या एका वाक्यात असते. पडद्यावर काहीतरी अगम्य येतं, ते गूगलवर टाकलं की वीस जण वीस उपाय सांगतात, आणि त्यातले अर्धे दुसऱ्याच आजारावरचे असतात.

काम कुठे अडलंय ते आधी ओळखा

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत काय होतं, ते थोडक्यात बघू. दुकानात सकाळी आधी पोऱ्या येतो. शटर उघडतो, दिवे लावतो, सगळं जागेवर आहे का बघतो. मग शेटजी येतात आणि गल्ल्यावर बसतात. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम राहणारा छोटा प्रोग्राम म्हणजे हा पोऱ्या. त्याचं आजचं नाव यूईएफआय. बोलताना सगळे अजून बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू. तो प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स तपासतो, मग पेनड्राइव्ह किंवा डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आपले शेटजी विंडोज, शोधतो आणि कारभार तिच्या हाती देतो. या हवाली करण्याला बूट होणं म्हणतात.

म्हणजे बिघाड पोऱ्याच्या वेळात झाला की शेटजींच्या, हे कळलं की निम्मं काम झालं. बायोसचा पडदाच येत नसेल तर विंडोज पुन्हा पुन्हा डाउनलोड करून काही होणार नाही. उलट विंडोजचा सेटअप उघडून मध्येच बंद पडत असेल तर वायरी उपसत बसण्यात अर्थ नाही. सेटअपचे संदेश शब्दशः खरे मानू नका, असंही मी सांगेन. काम कोणत्या पायरीवर थांबलं एवढं त्यातून कळतं. कारण बहुतेक वेळा आदल्या पायरीवर असतं.

पडदा काळाच आहे

ही विंडोजची तक्रार नव्हेच. मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते पहिल्यांदा बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला जोडायची, मदरबोर्डला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यांच्यात, आणि रायझन ५ ५६०० सारख्या अनेकांत, ग्राफिक्स नसतंच. मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून त्यांचं काही दिसणार नाही.

मग एसएमपीएसकडून, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीकडून, येणाऱ्या वायरी. २४ पिनांची मोठी सगळे लावतात. प्रोसेसरशेजारी, बोर्डच्या अगदी वरच्या कोपऱ्यात बसणारी आठ पिनांची वायर मात्र राहून जाते, कारण तिथे हात पोचत नाही. ती नसली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर चार खाचांपैकी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. टक् असा आवाज येईपर्यंत दाबाव्या लागतात. नवख्याला तेवढा जोर लावायची भीती वाटते. आणि डीडीआर५ रॅम असेल, विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डवर, तर पहिल्या वेळी काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. तेवढ्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबून बंद केलं की हे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चहा ठेवा.

आता बऱ्याच मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात आणि शेजारी बारीक अक्षरात सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असं छापलेलं असतं. जो दिवा लागून राहतो तिथे काम अडलं. ‘बूट’चा दिवा लागून राहिला तर आनंद माना: भाग ठीक आहेत, फक्त ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही. ‘सीपीयू’चा राहिला आणि बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुन्या काळातला असेल, तर बोर्डचा बायोस त्या प्रोसेसरला ओळखत नसण्याची शक्यता मोठी. बी४५० बोर्डवर रायझन ५००० लावणाऱ्यांना हा अनुभव पुष्कळ आला. अनेक बोर्डांवर प्रोसेसरशिवायही बायोस अपडेट करायची सोय असते: मागच्या ठरावीक यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह, आणि त्याशेजारचं एक छोटं बटण. फाइलचं नाव काय ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे एक अक्षर चुकलं तरी बोर्ड ती फाइल बघतही नाही.

पेनड्राइव्ह लावला, तरी बायोसला तो दिसत नाही

विंडोज आयएसओ नावाच्या एका मोठ्या फाइलमध्ये मिळतं. ती फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर कॉपी करून भागत नाही. पेनड्राइव्ह बूट होण्याजोगा बनवावा लागतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आहे, शिवाय रुफस हा मोफत प्रोग्राम. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाईल, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला उचलू नका.

आयएसओ उघडून आतल्या फाइली हाताने कॉपी करणाऱ्यांची गाडी आणखी एका जागी अडते. बहुतेक मदरबोर्ड बूट करताना फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच वाचतात, आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आजच्या आयएसओमधली विंडोजची मुख्य फाइल त्याहून मोठी असते. मीडिया क्रिएशन टूल ती जास्त दाबून बसवतं, रुफस दुसरी युक्ती करतं. त्यामुळे हातकाम टाळलेलंच बरं.

पेनड्राइव्ह तयार झाला की पीसी चालू होताना बूट मेन्यूची कळ दाबायची. ती प्रत्येक कंपनीची वेगळी: एफ८, एफ११, एफ१२ यांपैकी एखादी. मेन्यूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. यूईएफआयवालाच निवडा. नुसत्या नावाच्या ओळीने गेलात तर पुढे डिस्क निवडताना पस्तावाल, ते येईलच.

सेटअप सुरू होऊन लगेच ‘तुमच्या कॉम्प्युटरला लागणारा मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असा संदेश आला तर ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजला वापरता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) शोधायला धावू नका. पुष्कळदा पेनड्राइव्हच नीट तयार झालेला नसतो किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये लावलेला असतो. मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावून बघा. तरीही तेच आलं तर पेनड्राइव्ह नव्याने बनवा, जमल्यास दुसराच घ्या.

सगळं दिसतंय, एसएसडीच गायब

नवख्या मंडळींना सगळ्यात जास्त छळणारी पायरी ही. भाषा निवडली, अटी मान्य केल्या, विंडोज कुठे टाकायचं ते विचारणारी यादी उघडली, आणि यादी रिकामी. खाली ‘लोड ड्रायव्हर’ असं बटण. माणूस दुकानदाराला फोन करतो: ‘एसएसडी खराब दिलीत.’

थांबा. आधी बायोसमध्ये जाऊन स्टोरेजच्या यादीत ती दिसते का बघा. यावरून दोन अगदी वेगळ्या वाटा फुटतात.

बायोसलाही दिसत नसेल तर भानगड बसवण्यात आहे. एम.२ ची चपटी एसएसडी तिरकी सरकवून, खाली दाबून, टोकाला स्क्रूने घट्ट करायची असते. अर्धी आत गेली तर संपर्क होत नाही. दुसरी गोष्ट, सारख्याच दिसणाऱ्या एम.२ एसएसडी दोन जातींच्या असतात, एनव्हीएमई आणि साटा. काही खाचा फक्त एनव्हीएमई घेतात. साटाची त्यात बसते, पण ओळखली जात नाही. तिसरी, काही बोर्डांवर एखादी एम.२ खाच वापरली की साटाचे एकदोन पोर्ट आपोआप बंद होतात. तेव्हा नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्डडिस्क गायब झाली तर ती मेलेली नाही. वायर दुसऱ्या साटा पोर्टमध्ये घाला. कोणता पोर्ट कोणाशी बांधलेला आहे याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. खोक्यातलं पुस्तक न उघडता फेकणाऱ्यांनी ते पीडीएफ उतरवून घ्यावं.

बायोसला दिसते पण विंडोजला दिसत नाही, असं असेल आणि प्रोसेसर इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर संशयित बहुधा एकच: व्हीएमडी. इंटेलची ही सोय एसएसडी आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामध्ये उभी राहते. अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणाऱ्यांना तिचा उपयोग. तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसेल तर सेटअपला पलीकडची एसएसडी दिसतच नाही.

उपाय दोन. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, त्याची झिप सोडवा, आतला आयएनएफ फाइली असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवा. झिप न सोडवता टाकली तर सेटअपला काही सापडत नाही, आणि लोक इथेच तासभर घालवतात. दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा. घरच्या पीसीत एखाददुसरी एसएसडी असेल तर मी हाच सुचवेन. गमावण्यासारखं काही नाही. फक्त हे विंडोज टाकण्याआधी करा. आधी टाकून नंतर ही सोय बदललीत तर विंडोज आपली डिस्क शोधत निळ्या पडद्यावर अडकतं.

‘या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही’

डिस्क दिसते, पण तिच्याखाली हा इशारा येतो आणि पुढे एमबीआर, जीपीटी अशी अक्षरं. डिस्कवर कोणता भाग कुठून कुठपर्यंत आहे याची नोंद सुरुवातीलाच असते. ती ठेवायची जुनी पद्धत एमबीआर, १९८३ च्या डॉसपासूनची; तिच्यात साधारण २ टीबीपर्यंतचीच जागा नोंदता येते. नवी पद्धत जीपीटी. पेनड्राइव्ह यूईएफआयने बूट झाला असेल तर विंडोजला जीपीटी डिस्क हवी, जुन्या पद्धतीने बूट झाला असेल तर एमबीआर. मघाशी बूट मेन्यूतली ती दुसरी ओळ टाळायला सांगितलं ते याचसाठी.

कोरी एसएसडी असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. ‘डिस्क ०, अनअलोकेटेड स्पेस’ (म्हणजे भाग न पाडलेली जागा) एवढंच दिसेल. ती ओळ निवडून पुढे जा, लागतील ते छोटे भाग विंडोज स्वतः पाडतं. जुन्या पीसीतली डिस्क आणली असेल तेव्हा अडतं. तिच्यावरचं काही नको असेल तर त्या डिस्कचे सगळे भाग यादीतूनच उडवा. तरीही हटली नाही तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा आणि तिथे डिस्कपार्ट चालवून, योग्य डिस्क निवडून, ‘क्लीन’ द्या. हा आदेश ‘नक्की का?’ विचारत नाही. डिस्कचा नंबर आणि तिची जीबीतली साइज दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय एंटर दाबू नका.

त्याहून चांगली सवय म्हणजे विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवणं. चुकून दुसरी पुसली जात नाही हा एक फायदा. दुसरा उशिरा कळतो: जुनी डिस्क जोडलेली असली आणि तिच्यावर आधीचा बूटचा भाग असला, तर नवं विंडोज एसएसडीवर बसूनही आपल्या बूट फाइली जुन्या डिस्कवर ठेवू शकतं. वर्षभराने ती डिस्क काढली की पीसी उठत नाही आणि कारण कोणालाच कळत नाही.

नवाकोरा पीसी, आणि म्हणे विंडोज ११ चालणार नाही

इथे बहुधा टीपीएम बंद असतं. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग. आजच्या प्रोसेसरमध्ये तो असतोच, बायोसमध्ये फक्त चालू करायचा. इंटेलच्या बोर्डवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. सोबत सीएसएम ही जुन्या पद्धतीची सवलत बंद करा आणि सिक्युअर बूट चालू करा. सिक्युअर बूट म्हणजे कारभार हवाली करण्याआधी समोरच्याची सही तपासणं.

‘हे सगळं चुकवता येतं ना?’ येतं, रुफसमध्ये तशी खूण करायची सोय आहे. जुन्या पीसीसाठी कोणी ती वाट धरली तर समजू शकतो. नव्या पीसीवर तो निव्वळ आळस, आणि तो पुढे नडतो: व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट नसेल तर चालूच होत नाही. मग मुलगा बापाकडे येतो आणि बाप विंडोज परत टाकायला बसतो.

निम्म्यावर जाऊन एरर येतो

फाइली कॉपी होताना सेटअप थांबतो आणि एक लांबलचक कोड येतो. त्याच्या शेवटी ८००७०५७० असेल तर अर्थ असा की फाइल खराब आहे, वाचता येत नाही. लोक पुन्हा आयएसओ उतरवतात, आणि कधी कधी दोष खरंच तिथे असतो. पण एरर दर वेळी वेगळ्या टक्क्यावर येत असेल, किंवा मध्येच निळा पडदा दिसत असेल, तर रॅमकडे बघा. फाइल पेनड्राइव्हवरून एसएसडीवर जाते ती रॅममधून. रॅमने एक आकडा बदलला तरी चांगली फाइल खराब ठरते.

रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केल्यावर मिळतो. तो रॅमचा मूळ स्वभाव नसतो, पळवलेला वेग असतो. विंडोज टाकून होईपर्यंत ते बंद ठेवा. तरीही अडलं तर एकच पट्टी ठेवून बघा, मग दुसरी. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालवता येतो. त्यात एक जरी चूक दिसली तरी, एक्सएमपी बंद असताना, पट्टी वॉरंटीत बदलून घ्यावी.

इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर सेकंडहँड घेतला असेल तर आणखी एक शंका घ्यायला जागा आहे. त्यांतले काही जादा व्होल्टेजमुळे कायमचे बिघडत होते. इंटेलने २०२४ मध्ये उपाय काढला आणि तो बायोस अपडेटमधून मिळतो, शिवाय या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढचं नुकसान टळतं. झालेलं भरून येत नाही.

एक किरकोळ पण फसवा प्रकार: सगळं शंभर टक्के होतं, पीसी रीस्टार्ट होतो आणि परत भाषा निवडायचा पडदा. पीसी पुन्हा पेनड्राइव्हवरूनच बूट झालाय, एवढंच. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या.

नेट जोडा म्हणतो, पण वायफायच दिसत नाही

विंडोज ११ पहिल्या ओळखीतच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. नव्या बोर्डवरच्या वायफाय चिपचा, कधी वायरच्या पोर्टचाही, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसतो. ड्रायव्हर हवा तर नेट हवं, नेट हवं तर ड्रायव्हर हवा. यातून अँड्रॉइड फोन सोडवतो: फोन यूएसबी केबलने जोडा आणि सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच. आयफोनचं तसं नाही, तेव्हा घरातला कोणाचाही अँड्रॉइड मागून घ्या. किंवा आधीच दुसऱ्या कॉम्प्युटरवर मदरबोर्डच्या मॉडेलचे लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर उतरवून ठेवा.

एवढं करण्यापेक्षा दुकानातूनच का टाकून घेऊ नये?

जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त विचारा: लायसन्स कोणतं? ‘ॲक्टिव्हेट करून देतो’ याचा अर्थ पुष्कळदा क्रॅक असतो, आणि असे क्रॅक चालवायला अनेकदा अँटीव्हायरस बंद करावा लागतो. ज्या पीसीवर नेट बँकिंग करायचंय तिथे हा सौदा महाग आहे. ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोजही चालतं. कोपऱ्यात अक्षरं दिसतात आणि सेटिंगमधून वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही. तसं चालवा आणि सवडीने लायसन्स घ्या.

विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली तर हे सगळे त्रास टळतील का? पडदा काळा असणं, एसएसडी न दिसणं, रॅम बिघडणं हे कुठल्याही सिस्टीमला सारखंच. एक मात्र खरं: उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचा पेनड्राइव्ह डिस्कवरचं काहीही न पुसता थेट चालवून बघता येतो. त्यात वायफाय, आवाज, डिस्क सगळं चालत असेल तर भाग ठणठणीत आहेत आणि भांडण फक्त विंडोजच्या सेटअपशी आहे. लिनक्स वापरायचं नसलं तरी तपासणीसाठी असा एक पेनड्राइव्ह बाळगायला हरकत नाही.

सगळं जमलं, विंडोज उघडलं, आता ड्रायव्हर टाकायचे आणि एक्सएमपी परत चालू करायचं. त्याआधी एक काम उरकून घ्या. विंडोज ११ ची २४एच२ (२०२४ मधली) किंवा त्यापुढची आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, तर डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते, तुम्हाला काही न विचारता. पुढे कधी बायोस अपडेट केला किंवा टीपीएम पुसलं गेलं, तर पीसी चालू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आजच लॉगिन करून ती तिथे आहे ना ते बघा आणि कागदावर उतरवून पीसीच्या बिलासोबत ठेवा.